कॅनडाच्या पीआर अर्जातली प्रवासाची यादी : या चुका टाळा

आयईएलटीएसचे बँड, पदव्यांचं मूल्यांकन, कंपन्यांची अनुभवपत्रं यांच्यामागे लोक महिनोन्‌महिने धावतात आणि प्रवासाच्या यादीला मात्र शेवटच्या रात्री हात घालतात. पासपोर्ट उघडायचा, दिसतील ते शिक्के उतरवायचे, सबमिट करून मोकळं व्हायचं. माझं मत विचाराल तर कॅनडाच्या पीआर (कायमच्या वास्तव्याच्या) अर्जातला हा सगळ्यात फसवा रकाना आहे, कारण तो भरताना काही चुकतंय असं वाटतच नाही.

प्रश्न साधा आहे. गेल्या १० वर्षांत मूळ देशाबाहेर किंवा राहत्या देशाबाहेर केलेला प्रत्येक प्रवास लिहा. अठरा वर्षं पूर्ण होऊन १० वर्षं झाली नसतील, तर १८व्या वाढदिवसापासूनचा. कधीपासून कधीपर्यंत, कुठलं शहर, कुठला देश, कशासाठी. आयएमएम ५५६२ या फॉर्मवर हे विचारतात आणि एक्स्प्रेस एन्ट्रीच्या (कुशल कामगारांसाठीच्या पीआर योजनेच्या) ऑनलाइन अर्जातही हेच असतं. मुख्य अर्जदार, जोडीदार आणि १८ वर्षांवरची मुलं, प्रत्येकाची यादी वेगळी. तुम्ही किती देश पाहिले याचं अधिकाऱ्याला कौतुक नसतं. ही यादी तुमच्या पत्त्यांशी, नोकरीच्या तारखांशी आणि याआधी केलेल्या व्हिसा अर्जांशी जुळते का, एवढंच तो बघतो.

शिक्का नाही म्हणून प्रवास गाळणं

सर्वाधिक चुका इथे होतात. पासपोर्टवरचे शिक्के म्हणजे प्रवासाची पूर्ण नोंद नव्हे, आणि दिवसेंदिवस ती आणखी अपुरी होत चालली आहे. हाँगकाँगने २०१३ मध्येच शिक्के मारणं थांबवलं. पासपोर्टमध्ये एक छोटी चिठ्ठी मिळते आणि ती घरी येईपर्यंत हरवलेली असते. सिंगापूरने डिसेंबर २०२१ पासून शिक्क्याऐवजी ईमेलवर ई-पास सुरू केला. दुबईत राहणारी माणसं स्मार्ट गेटमधून आत-बाहेर करतात, पानं कोरीच राहतात. अमेरिका आणि ब्रिटन बाहेर पडताना शिक्का मारतच नाहीत. शेंगेन देशांनी (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांनी) १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे, त्यामुळे यापुढच्या युरोप टूरचे शिक्केही शोधून सापडायचे नाहीत.

युरोप टूरची आणखी एक गंमत. पॅरिसला उतरलात, बसने स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली केलंत आणि रोमहून परत आलात, तर पासपोर्टवर शिक्के फक्त दोन: फ्रान्समध्ये शिरल्याचा आणि इटलीतून निघाल्याचा. मधले देश गायब. यादीत मात्र प्रत्येक देशाची वेगळी ओळ हवी. टूर कंपनीची दिवसवार कार्यक्रमपत्रिका जपून ठेवली असेल तर हे काम दहा मिनिटांचं आहे.

मग येतात ते प्रवास, ज्यांना आपण परदेश प्रवास मानतच नाही. आईवडिलांना घेऊन केलेली पशुपतिनाथ-मुक्तिनाथ यात्रा. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावरही काम होतं, शिक्का नाही; पण नेपाळ हा दुसरा देश आहे. दार्जिलिंगच्या सहलीत मिरिकच्या वाटेवर सीमा ओलांडून पशुपतीनगरच्या बाजारात केलेली दोन तासांची खरेदी, किंवा जयगावहून चालत फुंत्शोलिंगला मारलेली चक्कर, हीही त्यातलीच. नेपाळमार्गे कैलास-मानसरोवर केलं असेल तर चीनचा ग्रुप व्हिसा वेगळ्या कागदावर असतो आणि तो कागद टूर लीडरकडे. पासपोर्टमध्ये चीनचं नावनिशाण नसेल, तरी तुम्ही चीनमध्ये जाऊन आला आहात. एका दिवसाची फेरी लिहायची का, असं बरेच जण विचारतात. कॅनडाच्या फॉर्ममध्ये प्रवास किमान अमुक तासांचा असावा अशी सूट नाही, म्हणून लिहा. (अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या एन-४०० फॉर्ममध्ये २४ तासांहून कमी फेऱ्या सोडून देता येतात. तिथला नियम तिथेच ठेवा.)

ट्रान्झिटचं काय? विमान बदलायला दोहा किंवा फ्रँकफर्टच्या विमानतळावर बसून राहिलात आणि इमिग्रेशन ओलांडलं नाहीत, तर सहसा तो त्या देशाचा प्रवास धरत नाहीत. पण मधल्या मुक्कामात दोन दिवस दुबई किंवा इस्तंबूल फिरून घेतलंत, तर धरायचा.

तारखा अंदाजाने ठोकणं

मुंबईहून निघणारी पुष्कळ आंतरराष्ट्रीय विमानं मध्यरात्रीनंतरची. सहारला इमिग्रेशन रात्री साडेअकराला होतं, विमान अडीचला उडतं. शिक्क्यावर एक तारीख, तिकिटावर दुसरी. दोन्ही खऱ्या. मी शिक्क्याची तारीख घ्यायला सांगतो, कारण सरकारी नोंद तीच. महत्त्वाचं हे की एकदा ठरवलंत की संपूर्ण यादीत तोच नियम पाळा. दुसरी गडबड महिना आणि दिवसाच्या क्रमाची. अमेरिकेत आधी महिना लिहितात, आपल्याकडे आधी दिवस, आणि कॅनडाचा फॉर्म वर्ष-महिना-दिवस मागतो. ०४/०७ ही तारीख एप्रिलची की जुलैची, हे प्रत्येक तिकिटावर तपासून बघावं.

तारीख खरोखर सापडत नसेल, तर प्रत्येक प्रवास महिन्याच्या १ तारखेला सुरू करून ३०ला संपवू नका. अशी यादी बघताक्षणी बनावट वाटते. जवळात जवळची तारीख लिहा आणि सोबतच्या स्पष्टीकरणपत्रात सरळ सांगा की या या प्रवासांच्या तारखा अंदाजे आहेत, मूळ पासपोर्ट हरवला आहे किंवा शिक्का पुसट आहे.

फिरणं आणि राहणं एकाच रकान्यात कोंबणं

हिंजवडीतल्या कंपनीने ऑनसाइट पाठवलेली माणसं आणि आखातात नोकरी केलेली माणसं इथे हमखास अडकतात. तीन आठवड्यांसाठी म्युनिकला गेलात तर तो प्रवास. आठ महिने भाड्याचं घर घेऊन राहिलात तर तो पत्ताही आहे: पत्त्यांच्या इतिहासात हवा, नोकरीच्या इतिहासात त्या महिन्यांचं काम त्या देशात दिसायला हवं, आणि सलग सहा महिने किंवा जास्त राहिल्यामुळे त्या देशाचं पोलीस प्रमाणपत्रही लागेल. अमेरिकेसाठी ते एफबीआयकडून येतं, ब्रिटनसाठी एसीआरओ या पोलीस नोंदींच्या कार्यालयाकडून. ही प्रमाणपत्रं यायला वेळ लागतो, त्यामुळे चूक कॅनडाकडून पीआर अर्जाचं आमंत्रण मिळाल्यावर लक्षात आली की अर्जाच्या मुदतीशी झुंज सुरू होते.

अशा माणसाच्या प्रवासाच्या यादीत ‘जर्मनी, आठ महिने, बिझनेस’ अशी एक ओळ आणि पत्त्यांत मात्र सलग दहा वर्षं पुण्याचंच घर असेल, तर दोन्ही खरं असूनही अर्ज विसंगत दिसतो. शिवाय म्युनिकच्या मुक्कामात शनिवार-रविवारी केलेलं प्राग लोक विसरतात. तोही राहत्या देशाबाहेरचा प्रवासच.

दुबई, मस्कत, कुवेतला राहिलेल्यांनी सुट्टीत भारतात आलेल्या फेऱ्याही लिहाव्यात असं मी सुचवतो. त्या काळात राहता देश भारत नव्हता; आणि जास्त लिहिल्याने कुणाचा अर्ज अडत नाही.

मर्चंट नेव्हीतल्यांचा प्रश्न वेगळा. त्यांच्या सीडीसीमध्ये (खलाशाच्या नोंदपुस्तकात) प्रत्येक जहाजावर साइन ऑन आणि साइन ऑफ केल्याची तारीख आणि बंदर असतं. यादीचा पाया तोच घ्या, पासपोर्ट नंतर. कोणत्या जहाजावर कोणत्या काळात होतो याचा एक वेगळा तक्ता जोडला की बंदरांच्या गर्दीतून अधिकाऱ्याला वाट सापडते.

माहेरच्या नावाचा पासपोर्ट विसरणं

आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं आणि काही घरांत पहिलं नावही बदलतं. म्हणजे लग्नाआधी ऑफिसच्या कामासाठी लंडनला गेलेली बाई आणि आज अर्ज करणारी बाई कागदोपत्री पूर्णपणे वेगळ्या. अर्जात ‘यापूर्वी वापरलेली नावं’ असा प्रश्न असतो. तिथे माहेरचं पूर्ण नाव लिहा, आणि रद्द झालेल्या जुन्या पासपोर्टवरचे प्रवासही यादीत घ्या. पासपोर्ट सेवा केंद्र जुना पासपोर्ट कोपरा कापून परत देतं, तो कपाटात कुठेतरी असतोच. बहुतेक वेळा माहेरच्या कपाटात.

नकार मिळालेला व्हिसा न सांगणं

इथे हलगर्जीपणाला माफी नाही. कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का, विमानतळावरून परत पाठवलं आहे का, देश सोडायला सांगितलं आहे का, या प्रश्नाला १० वर्षांची मर्यादा नाही. ‘कधीही’ असं विचारलेलं असतं. विद्यार्थी असताना नाकारलेला अमेरिकेचा एफ-१ व्हिसा नंतर मिळाला, तरी आधीचा नकार सांगायचाच. अमेरिकी वकिलातीतली २२१(जी)ची, म्हणजे आणखी कागद किंवा तपासणीसाठी व्हिसा अडवल्याची चिठ्ठीही त्यांच्या कायद्यानुसार नकारच धरली जाते; नंतर व्हिसा छापून आला असेल तर तेही पुढे लिहा.

नुसत्या नकारामुळे पीआर जात नाही. लपवल्यामुळे जातो. कॅनडा आणि अमेरिका यांच्यात व्हिसा अर्जांची माहिती तपासली जाते, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडबरोबरही अशी देवाणघेवाण आहे. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर ५ वर्षांची बंदी लागते, आणि त्या काळात पीआरचा नवा अर्जही करता येत नाही.

‘एजंटने भरलं’ हे उत्तर

चालत नाही. अर्जाखाली सही तुमची, जबाबदारी तुमची. एजंटचं नावच अर्जात न दाखवणारे आणि ‘नेपाळ वगैरे सोडून द्या हो, कोण बघतंय’ म्हणणारे बरेच भेटतात. सबमिट करण्याआधी पूर्ण अर्जाची पीडीएफ मागून घ्या आणि स्वतः वाचा. देत नसेल तर माणूस बदला. आणि ‘प्रोफाइल मजबूत करायला’ खोटे शिक्के मिळवून देतो म्हणणाऱ्याच्या दारातही उभं राहू नका.

यादी पुन्हा कशी उभी करायची

आधी वर्षं मांडा, शिक्के नंतर. प्रत्येक वर्षापुढे नोकरी, लग्न, घरातली कार्यं, टूर असं आठवेल ते लिहा. मग ईमेलमध्ये पीएनआर, ई-तिकीट, बोर्डिंग पास हे शब्द शोधा. प्रवास विम्याच्या पॉलिसींवर सुरुवात आणि शेवट असतोच. फॉरेक्स कार्डाचं स्टेटमेंट, फ्रीक्वेंट फ्लायरचं खातं, कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क, फोनमधल्या फोटोंच्या तारखा, सगळं बघा.

फारसं कुणाला न सुचणारी जागा म्हणजे फॉर्म २६एएस, आयकर खात्याकडचा तुमच्या कर-कपातीचा तक्ता. १ ऑक्टोबर २०२० पासून परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस (विक्रेत्याने आधीच वसूल केलेला कर) घेतला जातो आणि त्याची नोंद तिथे दिसते. ती तारीख पैसे भरल्याची असते, प्रवासाची नव्हे, पण ‘ती थायलंडची टूर २०२२ची की २०२३ची?’ हा घरातला वाद तिथे मिटतो. अमेरिकेच्या भेटींसाठी आय-९४च्या सरकारी संकेतस्थळावर स्वतःच्या ये-जा नोंदी बघता येतात.

आणि अमेरिकेच्या डीएस-१६० या व्हिसा अर्जासाठी केलेली जुनी यादी तशीच चिकटवू नका. तिथे प्रश्न ५ वर्षांचा असतो, इथे १० वर्षांचा. दोन्ही अर्ज शेजारी ठेवून समान वर्षांतल्या तारखा जुळतात का ते मात्र जरूर पाहा.

सबमिट केल्यावर चूक सापडली तर

गप्प बसू नका. आयआरसीसीच्या (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या) वेबफॉर्मवरून अर्ज क्रमांकासह कळवा: कुठला प्रवास राहिला, कसा राहिला, दुरुस्त यादी आणि असेल तो पुरावा. पत्र छोटं ठेवा, एका पानात बसेल इतकं. त्यांनी विचारण्याआधी तुम्ही सांगणं आणि विचारल्यावर सांगणं यांत फार फरक पडतो. ‘अनवधानाने राहिलं’ हा बचाव कायद्यात फार अरुंद आहे आणि नोटीस आल्यानंतर तो आणखी आकसतो.

प्रोसीजरल फेअरनेस लेटर, म्हणजे निर्णयाआधी तुमची बाजू मागणारी नोटीस आलीच, तर त्यात नेमका काय संशय आहे ते लिहिलेलं असतं आणि उत्तराची मुदतही असते. मुदत चुकवू नका, आणि या एका टप्प्यावर तरी परवानाधारक सल्लागार किंवा वकील गाठा; मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तराचा मसुदा पक्का करू नका.

पाठवलेल्या यादीची प्रत पीआर मिळाल्यावरही जपा आणि पुढचे प्रवास तीत भरत राहा. नागरिकत्वासाठी ५ वर्षांत १,०९५ दिवस कॅनडात असल्याचं दाखवावं लागतं. तिथे निघण्याचा आणि परतण्याचा, दोन्ही दिवस कॅनडातले धरतात, आणि सीमेवरच्या ये-जा नोंदी त्यांच्याकडे आधीच असतात.