धर्मग्रंथातले आकडे म्हणजे देवाचीच सही? वाद घालताना या चुका टाळा

मी टॉवेलच्या कारखान्यात स्टॉक आणि हिशोब बघतो, वीस वर्षं झाली, म्हणजे दिवसभर मोजणंच चालू असतं. रविवारी सकाळी पार्क चौकाजवळ आम्ही पाच-सहा जण चहाला जमतो, त्यात एकाच्या घरी कन्नड, एकाच्या घरी तेलुगू आणि तो चर्चला जाणारा, एक उर्दू शाळेत शिकलेला, बाकी आम्ही मराठी, म्हणजे अख्खं सोलापूरच की. आणि गेलं वर्षभर फिरून फिरून एकच विषय निघतो. कुणाच्या तरी मोबाईलवर व्हिडिओ येतो की अमुक ग्रंथात अमुक शब्द बरोब्बर इतक्याच वेळा येतो, हे माणसाला जमणारच नाही, म्हणजे हा ग्रंथ देवानेच लिहिला. प्रत्येकाच्या धर्माचा असा एक तरी व्हिडिओ आहेच. दोनदा तर वाद इतका पेटला की चहा अर्धा टाकून माणसं उठून गेली, आणि त्यातल्या एकदा चूक माझी होती. देवाचं बोलताना तरी आपण काळजीने मोजलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: मोजून झाल्यावर नियम ठरवणं

आमच्याकडे वर्षाअखेरीला स्टॉक मोजतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, सेकंडचा माल धरायचा का नाही? काठ उसवलेला पीस डझनात घ्यायचा का बाजूला? हे आधी कागदावर लिहिलं नाही तर मोजणारा माणूस प्रामाणिक असला तरी आकडा पाहिजे तिकडे सरकतो. बारा पीस हवे असताना अकरा भरले की हात आपोआप सेकंडच्या ढिगाकडे जातो, मी स्वतः बघितलंय हे.

ग्रंथांचंही तसंच होतं. गायत्री मंत्राचं उदाहरण घ्या, कारण ते आपल्याला पाठ आहे आणि बोटावर मोजता येतं. गायत्री छंद म्हणजे आठ-आठ अक्षरांचे तीन चरण, एकूण २४. आता मोजा. "भर्गो देवस्य धीमहि" आठ. "धियो यो नः प्रचोदयात्" आठ. आणि "तत्सवितुर्वरेण्यं"? तत्, स, वि, तुर्, व, रे, ण्यं. सात! एकूण २३ झाले. परंपरेला हे पक्कं माहीत होतं, एक अक्षर कमी असलेल्या गायत्रीला निचृद् गायत्री असं नावच आहे, आणि छंद भरून काढायला "वरेणियं" असं म्हणायचीही रीत आहे. कुणी काही लपवलेलं नाही. पण २४ हा आकडा घेऊन कुणी चमत्कार सिद्ध करायला निघाला तर त्याला पहिल्यांदा सांगावं लागेल की तो लिहिलेलं मोजतोय का म्हटलेलं, आणि हे त्याने मोजायच्या आधी सांगायला पाहिजे.

कुराणात "दिवस" हा शब्द ३६५ वेळा येतो असं सांगतात, तिथेही हाच प्रश्न आहे. ३६५ येण्यासाठी एकवचनी रूपंच घ्यावी लागतात, द्विवचन आणि अनेकवचन बाजूला ठेवावी लागतात. आमच्या उर्दूवाल्या मित्राने मला नीट समजावलं की अरबीत शब्दाला पुढून-मागून जोड लागतात, मग कुठलं रूप धरायचं हे ठरवण्यातच खरी गोम आहे. नियम वाईट आहे असं नाही, पण तो ३६५ दिसल्यावर ठरला का आधी, एवढं विचारायचं. शांतपणे विचारायचं.

गणिताचा गुण चमत्कार म्हणून सांगणं

ही माझी चूक. घरी पूजेला पाहुणे जमलेले आणि मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो की महाभारतात पर्वं १८, युद्ध १८ दिवस, गीतेचे अध्याय १८, सैन्य ११ आणि ७ मिळून १८ अक्षौहिणी, आणि वर बघा, एका अक्षौहिणीत रथ २१,८७०, हत्ती २१,८७०, घोडे ६५,६१०, पायदळ १,०९,३५०, यातल्या कुठल्याही आकड्यातले अंक मिळवा, बेरीज १८ च! सगळे बोटं मोजायला लागले, खरंच १८ येतंय. माझी पुतणी दहावीला आहे, ती म्हणाली, "काका, ह्या सगळ्याला ९ ने भाग जातोय की, मग अंकांची बेरीज ९ च्या पटीतच येणार, दुसरी कुठं येईल?" मी तिला गप्प बस म्हणालो. सगळ्यांसमोर. ते मला अजून लागतं, कारण पोरगी बरोबर होती.

नंतर रात्री बिलाच्या पाठीमागे मी मांडून बघितलं. सैन्याचा सगळ्यात लहान गट पत्ती, त्यात १ रथ, १ हत्ती, ३ घोडे, ५ पायदळ. तीन पत्तींचं सेनामुख, तीन सेनामुखांचं गुल्म, मग गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी, दर वेळी तिप्पट. रथ मोजत जा: १, ३, ९, २७, ८१, २४३, ७२९, २१८७. आणि दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी, २१,८७०. म्हणजे सात वेळा तिप्पट आणि एकदा दसपट, मग ९ ने भाग न जाऊन सांगतो कुणाला. त्यातून आकडे पाच-सहा अंकी, त्यांची बेरीज ९, १८, २७ अशी ९ च्या पटीतलीच काहीतरी येणार, आणि १८ यायला फार काही लागत नाही.

पण खरं सांगू का, हे मांडल्यावर मला ग्रंथ छोटा वाटला नाही. इतकी नेटकी रचना कुणीतरी बसून केली, पाठ करून शतकानुशतकं टिकवली, हे बघून हात जोडले गेले. आणि १८ पर्वं, १८ दिवस हे तर उघडच आहे की रचणाऱ्याला तो आकडा प्रिय होता. पुतणीची माफी मागितली दुसऱ्या दिवशी.

कुठली प्रत, हे न विचारणं

हे थोडक्यात सांगतो कारण यात वाद फार नाही, पण विसरतात सगळेच. गीता ७०० श्लोकांची, श्रीकृष्णाचे ५७४, अर्जुनाचे ८४, संजयाचे ४१, धृतराष्ट्राचा १. पण तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुनाचा एक प्रश्न काही प्रतीत आहे, काहीत नाही, धरला की ७०१. आणि महाभारताच्याच काही हस्तलिखितांत गीतेचं माप दिलंय ते ६२०, ५७, ६७ आणि १, म्हणजे ७४५! पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ला हाती घेतली ती १९६६ ला पुरी झाली, एवढी वर्षं लागली ती हस्तलिखितं एकमेकांशी ताडून बघायलाच. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला पशूचा आकडा ६६६ सगळ्यांना माहीत, पण काही जुन्या हस्तलिखितांत तोच आकडा ६१६ आहे. बोलताना लोक कुराणात ६,६६६ आयती, म्हणजे वचनं, सांगतात, आज सर्रास छापली जाते त्या प्रतीत मोजल्या तर ६,२३६ भरतात. तेव्हा कुठलाही आकडा समोर आला की पहिलं विचारा, कुठल्या प्रतीतून मोजलं?

आणि उलटं तर कधीच करू नका, म्हणजे आकडा जुळावा म्हणून ग्रंथच कापणं. रशाद खलिफा म्हणून मूळचे इजिप्तचे, अमेरिकेत गेलेले जीवरसायनशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७४ ला कुराणात १९ च्या पटीचं गणित मांडलं. सुरा, म्हणजे कुराणातले अध्याय, ११४, म्हणजे १९ गुणिले ६, बिस्मिल्ला या सुरुवातीच्या वाक्याची अक्षरं १९, इथपर्यंत लोक कौतुकाने ऐकत होते. पुढे गणित बसेना तेव्हा त्यांनी नवव्या सुरेच्या शेवटच्या दोन आयतीच नंतर घुसवलेल्या आहेत असं म्हटलं, आणि मुस्लिम विद्वानांनीच त्यांना ठामपणे नाकारलं. आमचा मित्र म्हणतो, "आयत राहायला पाहिजे, गणित गेलं तरी चालेल." मला हे फार पटलं.

सापडलेलं दाखवणं, कितीदा शोधलं ते न सांगणं

१९९४ मध्ये विट्झटम, रिप्स आणि रोझेनबर्ग या तिघांनी संख्याशास्त्राच्या एका नावाजलेल्या मासिकात लेख छापला, की बायबलातल्या उत्पत्तीच्या हिब्रू पुस्तकात सारखं अंतर सोडून अक्षरं उचलत गेलं तर नंतरच्या काळातल्या रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, नावं त्यांच्या जन्ममृत्यूच्या तारखांजवळ सापडतात. १९९७ ला मायकेल ड्रॉस्निन या पत्रकाराने यावर पुस्तक काढलं आणि ते जगभर खपलं. त्याने आव्हान दिलं की मोबी डिक या कादंबरीत कुणी एखाद्या पंतप्रधानाच्या हत्येचं भाकीत शोधून दाखवावं. ब्रेंडन मॅके या ऑस्ट्रेलियातल्या गणितज्ञाने ते दाखवलंच, इंदिरा गांधी, केनेडी, लिंकन, सगळे निघाले त्या देवमाशाच्या गोष्टीतून. १९९९ ला त्याच मासिकात मॅके आणि सोबतच्यांनी मूळ लेखाचं उत्तर छापलं, त्यातला मुख्य मुद्दा हाच की रब्बींची नावं लिहायच्या अनेक पद्धती आहेत, त्यातली कुठली घ्यायची यात भरपूर मोकळीक होती.

हे असं का होतं ते चर्चवाल्या मित्रासोबत बसून आम्ही काढलं. त्या हिब्रू पुस्तकात ७८,०६४ अक्षरं. पाच अक्षरी शब्द शोधायचा, कुठूनही सुरुवात, कितीही अंतर सोडा, पुढे जा नाहीतर मागे या. अशा जागा किती? जवळपास १५० कोटी. हिब्रूत अक्षरं २२, म्हणजे पाच अक्षरांच्या जुळण्या साधारण ५१ लाख. सगळी अक्षरं सारख्या प्रमाणात आहेत असं धरलं तर कुठलाही पाच अक्षरी शब्द आपोआप तीनेकशे वेळा सापडायला पाहिजे. तीनशे वेळा! मित्र बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला आणि म्हणाला, "म्हणजे माझं नाव पण असंल की त्यात."

हेच घरच्या घरी बघायचं तर आपल्या सोलापूरचा पिनकोड घ्या, ४१३००१. अंकांची बेरीज ९. नऊने भाग जातो, ४५,८८९ वेळा. पहिले तीन अंक ४१३, त्यात १३, आणि गाडीचा नंबर एमएच १३. पाच मिनिटांत एवढं मिळालं, दिवसभर बसलो तर काय काय मिळेल. पोस्टखात्याने आणि आरटीओने मिळून हे ठरवलेलं नाही हे आपल्याला माहीत आहे म्हणून आपण सोडून देतो, एवढंच.

एकक रबरासारखं ताणणं

"जुग सहस्र जोजन पर भानू" ही हनुमान चालिसातली ओळ. त्यावरून सांगतात, जुग म्हणजे १२,०००, सहस्र १,०००, योजन ८ मैल, गुणाकार ९ कोटी ६० लाख मैल, आणि सूर्य सरासरी ९ कोटी ३० लाख मैलांवर. ऐकायला छान वाटतं. पण योजन ८ मैलच का? सूर्यसिद्धांतात पृथ्वीचा व्यास १,६०० योजनं दिलाय, खरा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे ते योजन निघतं साधारण ८ किलोमीटर, पाच मैल. पाच मैलांचं योजन धरा, गुणाकार सहा कोटींवर येतो. ती ओळ बाल हनुमानाने सूर्याला गोड फळ समजून गिळल्याची आहे, तिचा गोडवा त्या फळात आहे. तिला मीटरपट्टी कशाला लावायची?

नमुना खरा निघाला की लगेच देव, खोटा ठरला की लगेच श्रद्धा खोटी

दोन्ही बाजूंची माणसं इथं घसरतात. काही नमुने शंभर टक्के खरे असतात. बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं ११९ वं स्तोत्र, हिब्रूची २२ अक्षरं, प्रत्येक अक्षरावर आठ ओळी, १७६ ओळी पक्क्या. मत्तयच्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ १४-१४-१४ पिढ्यांची सांगितलीय, आणि त्या वंशावळीतल्या दावीद राजाच्या नावाची हिब्रू अक्षरं अंकांत मोजली तर ४, ६, ४ म्हणजे १४. पण ते १४ बसावेत म्हणून तीन राजे गाळलेत, जुन्या करारातल्या यादीशी ताडलं की दिसतं. तेव्हा नमुना आहे, तो मुद्दाम घातलाय, पण घालणारा हात लेखकाचाही असू शकतो. नमुना एवढंच सांगतो की कुणीतरी मन लावून रचलं, कुणी ते सांगत नाही.

आपल्या गावचंच बघा. शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात ६८ लिंगं स्थापन केली. आपल्याकडे अडुसष्ट तीर्थं म्हणायची जुनी रीत आहे, त्या भावनेशी तो आकडा जोडलेला आहे. त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, आणि त्या मिरवणुकीत अनवाणी चालणारा माणूस ६८ ला कशाने भाग जातो हे विचारत नाही. मी स्वतः चालतो. पुतणीने माझं १८ चं गणित मोडलं त्या वर्षीही चाललो.

वाद आधीच अडकला असेल तर

आवाज चढला की मी आता तीन गोष्टी करतो. पहिलं, दुसऱ्याच्या ग्रंथाला लावलेली कसोटी आधी स्वतःच्या ग्रंथाला लावून दाखवतो, म्हणून मी गायत्रीपासून सुरू करतो, त्याने समोरच्याचा राग निम्मा उतरतो. दुसरं, "हे खोटं आहे" म्हणत नाही, "चल मोजूया, तूच मोज" म्हणतो. तिसरं, समोरचा म्हणाला की आकडे नसले तरी माझी श्रद्धा आहे, तर तिथं थांबतो. मग वाद घालायला काही उरलेलंच नसतं.

आणि एक वही केलीय. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर मोजणी, डावं पान भरून सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय उजवीकडे पेन टेकवायचं नाही. पुढच्या रविवारी ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात "मी" किती वेळा येतो ते मोजायचंय, कन्नडवाल्या मित्राने विचारलं, "मज आणि माझे धरायचं का बे?" त्यावरच पाऊण तास गेला. धरायचं नाही असं ठरलं. चार सह्या झाल्यात, उर्दूवाला मित्र गावाला गेलाय, त्याची बाकी आहे.