पेपर टाकायचेत, पण सरांच्या केबिनकडे पाय वळत नाहीयेत?

दुसरीकडे वरची पोस्ट मिळालीय, ऑफर लेटर मेलमध्ये येऊन पडलंय, घरी सगळ्यांना सांगूनही झालंय, आणि तरी राजीनाम्याचा विषय निघाला की पोटात गोळा येतो, असं होत असेल तर तुम्ही एकटे नाही. मी स्वतः राजीनाम्याचा मेल अकरा दिवस ड्राफ्टमध्ये ठेवला होता. रोज उघडायचो, एखादा शब्द इकडचा तिकडे करायचो आणि 'आज सरांचा मूड बरा दिसत नाहीये' म्हणून बंद करायचो. सरांचा मूड अकराही दिवस नेहमीसारखाच होता.

तर आधी बघा की भीती नेमकी कशाची वाटतेय. निर्णय चुकतोय का ही एक भीती, आणि केबिनमधली ती दहा मिनिटं कशी जातील ही दुसरी, आणि आपण दोन्हींची खिचडी करून बसतो. समजा कोणीतरी परस्पर जाऊन तुमच्या बॉसला सांगून आलं आणि बॉस ठीक आहे म्हणाला, तर हुश्श वाटेल की चुटपुट लागेल? हुश्श वाटत असेल तर निर्णय झालेलाच आहे, घाबरताय ते फक्त त्या दहा मिनिटांना. चुटपुट लागत असेल तर मात्र घाई करू नका, आणखी दोन दिवस घ्या.

थोडीफार हुरहूर तर वाटणारच म्हणा. कानेमान आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं, की हातातलं जाण्याचं दुःख तेवढंच नवीन मिळण्याच्या आनंदापेक्षा जास्त लागतं, आणि १९९२ च्या त्यांच्या शोधनिबंधात तर हा फरक साधारण सव्वादोन पट निघाला. त्यामुळे पगार वाढतोय, पोस्ट वाढतेय, तरी खिडकीजवळची जागा आणि शेजारच्या टेबलावरचा मित्र हेच जड वाटायला लागतं. म्हणून प्रश्न उलटा करून बघा. समजा तुम्ही आज नवीन ठिकाणीच कामाला आहात आणि या जुन्या कंपनीने आत्ताच्याच पोस्टवर, आत्ताच्याच पगारावर बोलावलं, तर जाल का? मला याचं उत्तर द्यायला दोन सेकंदही लागले नव्हते.

प्रमोशनवर जाताना अजून एक किडा डोक्यात वळवळतो, की आपल्याला हे झेपेल का, त्यांनी चुकून तर घेतलं नाही ना. क्लान्स आणि आइम्स यांनी १९७८ मध्ये याला इम्पोस्टर फिनॉमेनन असं नाव दिलं, तेही चांगल्या यशस्वी बायकांशी बोलून. यावर स्वतःला धीर देत बसण्यापेक्षा नवीन बॉसला सरळ विचारा, पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय हवंय, टीम किती जणांची, माणसं घ्यायचं किंवा सुट्ट्या मंजूर करायचं माझ्या हातात आहे का. (नुसतं मॅनेजर नाव लावून आधीचंच काम करायला लावणाऱ्या जागाही असतात, ते आधीच कळलेलं बरं.)

आता कामाचं. फोनवर 'तुमचं फायनल झालंय' म्हणाले म्हणून पेपर टाकू नका, हे अगदी लिहून ठेवा. सही केलेलं लेटर हातात हवं, त्यात पोस्ट, पगार आणि जॉइनिंग डेट हवी, आणि रेफरन्स चेक वगैरे अटी असतील तर त्या पूर्ण झालेल्या हव्यात. मग आत्ताच्या नोकरीचं जुनं काँट्रॅक्ट काढा, जे आपण सही केल्यापासून उघडलेलं नसतं. नोटीस पिरियड किती, मधेच सोडलं तर बोनस किंवा ट्रेनिंगचे पैसे परत मागतात का, स्पर्धक कंपनीत जायला काही बंदी आहे का, एवढं बघा. आणि तोपर्यंत ऑफिसात कोणालाही सांगू नका, अगदी जवळच्या मित्रालाही नाही, कारण बॉसला दुसऱ्याकडून कळलं की सगळंच बिनसतं.

सांगायचं समोरासमोर, बॉस दुसऱ्या शहरात असेल तर व्हिडिओ कॉलवर, आणि मेल त्यानंतर लगेच. 'पंधरा मिनिटं बोलायचं होतं' एवढाच मेसेज टाका. आत गेल्यावर हवापाण्याच्या गप्पा नकोत, पहिल्याच वाक्यात सांगून टाका. मी आरशासमोर चार वेळा घोकून गेलो होतो, "सर, मला बाहेर वरच्या पोस्टची ऑफर आलीय, मी ती घेतलीय, नोटीस आजपासून धरा." सर लॅपटॉपमध्ये बघत होते. मान वर केली, चष्मा काढला, म्हणाले, "बरं. मग तुझं काम कोणाकडे द्यायचं?" बस्स, एवढंच! अकरा दिवस मी ज्याला घाबरत होतो ते चार मिनिटांत संपलं, आणि खरं सांगू तर मला जरा वाईटच वाटलं की थांब म्हणाले पण नाहीत.

काहीजण मात्र थांब म्हणतात. पगार वाढवून देतो, प्रमोशन पुढच्या वेळी नक्की. इथे लगेच हो-नाही करू नका, पण उत्तर घरूनच ठरवून जा. माझं मत विचाराल तर, आपण जायला निघाल्यावरच ज्यांना आपली किंमत कळली त्यांच्या 'पुढच्या वेळी'वर मी विसंबणार नाही. "विचारलंत त्याबद्दल थँक्यू सर, पण मी शब्द दिलाय" एवढं पुरतं. कोणी चिडलं, टोमणा मारला तर वाद घालू नका, "तुम्हाला अडचण होणार हे कळतंय, हँडओव्हर नीट करून देतो" म्हणा आणि बाहेर या. का सोडतोय याची लांबलचक यादी वाचायची गरज नाही, जुनी उणीदुणी तर अजिबात नकोत, रेफरन्ससाठी उद्या याच माणसाला फोन जाणार आहे.

मेल तीन ओळींचा: राजीनामा देतोय, शेवटचा दिवस अमुक तारीख, आभार. तारीख मात्र नक्की टाका आणि एचआरला सीसीत घ्या, नाहीतर नोटीस कधी सुरू झाली यावरच नंतर घोळ होतो.

हँडओव्हरची फाईल त्याच आठवड्यात सुरू करा, कुठलं काम कुठवर आलंय, कोणाला फोन करायचा, कुठली फाईल कुठे आहे. आणि लॅपटॉपवरचे स्वतःचे फोटो, पगाराच्या स्लिपा आधीच काढून घ्या (कंपनीचं काहीही उचलू नका), कारण काही ठिकाणी राजीनामा दिला की त्याच संध्याकाळी लॉगिन बंद करतात. माझं शेवटच्या दिवशी दुपारी तीनलाच बंद झालं, टीमला लिहिलेला निरोपाचा मेल अर्धाच राहिला, तो मग फोनवरून पाठवला.