गुराख्याचा चाकू: झीज वाचायला शिका

आजोबांचा चाकू मी पहिल्यांदा नीट पाहिला तो ते गेल्यावर, आर्वीजवळच्या आमच्या गावी, पोळ्याच्या आदल्या दिवशी. वेसणीचा नवा दोर कापायला वडिलांनी तो कोनाड्यातून काढला. हाडाची मूठ, तीन पाती, पात्याच्या बुडाशी 'शेफील्ड' (चाकूंसाठी प्रसिद्ध इंग्लंडमधलं शहर) एवढंच वाचता येत होतं. मोठं पातं झिजून चिंचेच्या कोवळ्या आकड्याएवढं अरुंद झालेलं. दुसरं, बोथट टोकाचं, जवळजवळ कोरं. तिसरा टोच्या, त्याचं टोक मात्र आरशासारखं लखलखीत. आजोबांनी या चाकूने दोर कापले आणि बैलांच्या घुंगरपट्ट्यांना भोकं पाडली. गोऱ्हा कधी खच्ची केला नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पात्यांवर लिहिलेलं होतं.

पुढे पशुधन पर्यवेक्षक म्हणून वर्धा जिल्ह्यात नोकरी केली आणि असे एकतीस चाकू जमवले. नव्याने जमवू पाहणाऱ्याने सुरुवात पात्यांच्या ओळखीपासून करावी.

या घडणीला इंग्रजीत 'कॅटल नाइफ' म्हणतात, म्हणजे गुरं राखणाऱ्याचा चाकू. मूठ दोन्ही टोकांना सारखी गोल, लांबी बंद असताना साडेतीन-पावणेचार इंच. त्याचा नागमोडी मुठीचा धाकटा भाऊ म्हणजे 'स्टॉकमन', तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झाला. मोठं पातं सगळ्या कामाचं. सरळ धारेचं, पाठ पुढे उतरती असलेलं पातं ते 'शीपफूट', मेंढ्यांचे खूर तासायचं. आणि बोथट, गोलसर टोकाचं ते 'स्पे', खच्चीकरणासाठी. जनावर उसळलं तरी टोक आत घुसू नये म्हणून त्याला अणी ठेवलेली नसते. आमच्याकडे हे काम बर्डिझोच्या चिमट्याने होतं: कातडी न फाडता आतली नस दाबायची, म्हणजे पावसाळ्यात जखमेत अळ्या पडायची भीती नाही. त्यामुळे आपल्या भागात सापडणाऱ्या चाकूंचं स्पे पातं बहुधा कोरंच असतं. हे पातं गोऱ्ह्यावर चालवून पाहू नका, ते काम पशुवैद्याचं आणि भूल देऊनच करायचं. वरुडकडच्या एका संत्रा रोपवाटिकेत मात्र एक म्हातारे कलमदार याच पात्याने जंबेरीच्या खुंटावर डोळे भरताना, म्हणजे कलमासाठी संत्र्याची कळी बसवताना पाहिले. साल उचलायला बोथट टोक त्यांना बरं वाटायचं. त्यांच्या चाकूचं स्पे अर्धं झिजलेलं आणि मोठं पातं जवळजवळ नवं. माझ्या संग्रहात आजोबांच्या चाकूशेजारी तो ठेवला आहे.

टोच्या म्हणजे साधी जाड सुई नव्हे. त्याच्या पोटाला पन्हाळीसारखी खोबण असते आणि एका कडेला धार. चामड्यावर टेकवून अर्धा वळसा इकडे, अर्धा तिकडे फिरवला की भोक गोल कापलं जातं, फाटत नाही. घुंगरपट्ट्याचं भोक फाटलं तर पोळ्याच्या तोरणाखालीच पट्टा तुटतो, म्हणून ही खोबण शाबूत आहे ना ते मी आधी पाहतो. ती घासून सपाट झालेला टोच्या नुसता खिळा.

आता विकत घेताना. चकाकी पाहू नका, कान लावा. प्रत्येक पातं नखाच्या खाचेतून हळू उघडा आणि शेवटी सोडा. चांगल्या कमानीचं (मुठीच्या पाठीतल्या स्प्रिंगचं) पातं 'टक्' असा ताठ आवाज करून उभं राहतं, मिटतानाही तसाच आवाज येतो. 'थप' असा मेलेला आवाज आला तर कमान थकली आहे. मग उघडं पातं आडवं हलवून बघा. किंचित हललं तर चालवून घेता येतं, वर-खाली हललं तर चाकू ठेवून द्या. चाकू उजेडासमोर धरून कमान आणि मुठीच्या आतला पितळी पत्रा यांच्यामधून उजेड दिसत नाही ना ते बघा. पातं मिटलं असताना त्याचं टोक पत्र्याच्या आत बुडालेलं हवं. बाहेर डोकावत असेल तर बोट कापेल. मुठीच्या टोकांच्या टोप्या 'जर्मन सिल्व्हर'च्या आहेत असं कबाडी चढ्या आवाजात सांगतो. त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू.

शिक्का भिंगाने वाचा. शेफील्डच्या रॉजर्स कंपनीचा तारा आणि माल्टीज क्रूस प्रसिद्ध आहे, म्हणूनच नावात एखादं अक्षर गाळलेल्या नकलाही भरपूर. मुकुटासोबत 'व्ही आर' असेल तर राणी व्हिक्टोरियाचा काळ, म्हणजे १९०१ पर्यंतचा. 'जी आर' असेल तर जॉर्ज राजांचा काळ, बहुधा १९१० नंतरचा. अमेरिकेतल्या केस कंपनीचा चाकू मिळाला तर तारीख शिक्क्यातच सापडते. १९७० मध्ये त्यांनी शिक्क्याखाली दहा ठिपके ठेवले आणि दरवर्षी एक कमी केला, म्हणजे त्या दशकातल्या चाकूवर चार ठिपके असतील तर १९७६. क्रमांकही बोलतो: ६३१८ मध्ये सहा म्हणजे हाडाची मूठ, तीन म्हणजे तीन पाती, अठरा म्हणजे घडणीचा नंबर.

मुठीबद्दल दोन गोष्टी. हाड बहुतेक गुरांच्या नळीचं असतं. माझी माय म्हणाली होती, "हाडाचा हाये का तो? मंग सैपाकघरात नोको आणू बापा." मी तिचा शब्द पाळतो, हे चाकू ओट्यावर किंवा देवघराजवळ कधी जात नाहीत. तुमच्याही घरात आधी विचारून घ्या. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. शेफील्डच्या शिंगाच्या मुठींना लागणारं सांबरशिंग भारतातूनच जायचं. आज ते घेणं-विकणं गुन्हा आहे, आणि जंगलात गळून पडलेलं शिंग उचलून आणणंही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली चालत नाही. मेळघाट किंवा ताडोबाच्या बाजूने कुणी 'अस्सल शिंगाची मूठ' दाखवली तर हात लावू नका. शस्त्र कायद्याचंही ध्यानात असू द्या: घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती, तसंच काही ठिकाणी खटका दाबताच उघडणारे चाकू परवान्याच्या कक्षेत येतात. आपला नखाने उघडायचा चाकू त्यात बसत नाही, पण मोर्चात, जत्रेत आणि विमानातल्या हातसामानात तो नकोच.

जपणुकीत माझ्याकडून एक नुकसान झालं, ते सांगायलाच हवं. बाजारात साडेतीनशे रुपयांना घेतलेला एक सुंदर चाकू मी विजेच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे दिला. ठिणग्या उडाल्या, धारेवर निळी-जांभळी पट्टी आली, आणि त्या दिवसापासून ते पातं धार धरत नाही. तापून पाणी उतरलं होतं. जुनं पातं फक्त दगडावर, पाण्याने, हाताने. पॉलिशची पेस्ट तर मुळीच नाही. साधं पोलादी पातं संत्रं सोलताना निळसर-करडं होतं. ती छटा गंजापासून राखते आणि चाकू कुठे राबला तेही सांगते. लाल गंज मात्र ताबडतोब तेल लावून, बांबूच्या काडीने खरवडून काढा.

तेल कोणतं? सांध्यात शिवणयंत्राचं, एकच थेंब. आपल्याकडे जवसाचं तेल घरात असतं म्हणून लोक तेच सोडतात. ते वाळून राळेसारखं चिकटतं आणि पातं उघडेनासं होतं. लाकडी मुठीला वरून चोळायला तेच तेल उत्तम. चाकू चामड्याच्या म्यानात ठेवून पावसाळा काढू नका, चामडं ओल धरतं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतही नको, हाडाला तडे जातात. मुठीवर मोत्यासारखी किंवा रंगीत सेल्युलॉइडची पट्टी असेल तर तो चाकू वेगळ्या डब्यात, उघड्या हवेत ठेवा. सेल्युलॉइड कुजताना निघणारी वाफ शेजारच्या पात्यांना गंजवते, शिवाय ते लवकर पेट घेतं.

प्रत्येक चाकूला मी दोऱ्याने एक चिठ्ठी बांधतो: कुठे मिळाला, किती पैसे, कोणाच्या हातचा, कोणतं पातं जास्त झिजलं. विकणारा म्हातारा असेल तर पैसे देण्याआधी त्याच्या हातात चाकू देऊन म्हणतो, "काका, उघडून दाखवा ना." तो न बघता ज्या पात्याच्या खाचेत नख घालतो, त्याचं नाव चिठ्ठीत पहिलं लिहितो.