फग रिकामा येतोय? आमिषाच्या या चुका टाळा

मनोरी, गोराई, वसई, उरण. कुठल्याही खाडीवर चिंबोरी, म्हणजे खेकडा, पकडायला हौसेने फग (दोरीने खाली सोडायचं, वरून उघडं जाळं) टाकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आमिष कशाचं लावू? बांगड्याचं डोकं की कोंबडीचे पाय? माझं म्हणणं असं की, आधी फग किंवा पिंजरा किती वेळ पाण्यात राहणार ते ठरवा. आमिष त्यावरून निवडायचं.

चिंबोरी वासावर येते. डोळ्यांजवळच्या बारीक मिशांनी ती पाण्यातला वास टिपते आणि पायांच्या टोकांनी चव घेते. आपल्या गढूळ खाड्यांत नजरेचा तिला फारसा उपयोगही नाही. म्हणजे आमिषातला रस पाण्यात सुटत राहिला पाहिजे, आणि जितका वेळ जाळं खाली आहे तितका वेळ सुटत राहिला पाहिजे. बहुतेक चुका इथेच होतात.

फगाला आणि पिंजऱ्याला एकच आमिष लावणं

फग वरून उघडा असतो. चिंबोरी येते, खाते आणि पोट भरलं की निघून जाते. त्यामुळे तो दर पंधरा-वीस मिनिटांनी उचलावा लागतो, आणि त्याला लागतं पटकन वास सोडणारं तेलकट आमिष. तारली उत्तम, बांगडा उत्तम, बोईटही चालतं.

बंद पिंजरा चार-सहा तास पाण्यात राहतो. त्यात नुसती तारली लावली तर लहान मासे ती पहिल्या तास-दोन तासांतच फस्त करतात आणि उरलेला वेळ रिकामा पिंजरा पाण्यात बसून राहतो. तिथे चिवट आमिष हवं: कोंबडीचे पाय, मान, शिंगाळ्याचं किंवा वामाचं डोकं. मुंबईत चिकन बहुतेक सोलूनच विकतात, म्हणून पाय आणि कातडी दुकानदाराकडे स्वस्तात मिळतात. फक्त कोंबडीचा वास माशाइतक्या लवकर पसरत नाही. म्हणून पिंजऱ्यात दोन्ही लावा: टिकायला कोंबडीचे पाय आणि बोलवायला जुन्या जाळ्याच्या तुकड्यात बांधलेली ठेचलेली तारली.

कुजकं आमिष लावणं

‘जितकी घाण जास्त तितकी चिंबोरी जास्त’ हा समज काढून टाका. खाडीतली काळी चिंबोरी मुळात शिंपले, शंख, लहान खेकडे अशी हळू चालणारी शिकार खाते. मेलेलं ती खाते हे खरं, पण ताजं समोर असताना कुजक्याकडे वळायचं तिला कारण नाही. शिवाय कुजलेल्या माशाचा रस आधीच गळून गेलेला असतो आणि उरलेलं मांस पाण्यात पडताच सुटतं. नाक मुरडावं लागत असेल तर ते आमिष लावू नका.

सकाळी बाजारात मासे कापणाऱ्या मावशींकडे मुंडकी मागून ठेवा आणि लगेच बर्फात घाला. उशिरा जायचं असेल तर खडे मीठ चोळा. मांस घट्ट होतं, तारेवर टिकतं. फ्रीजरमध्ये ठेवताना एका खेपेला लागेल तेवढ्याच पुड्या करा. एकदा वितळलेला मासा पुन्हा गोठवला की तो लिबलिबीत होतो.

बांधण्यातली ढिलाई

अख्खा बांगडा तसाच बांधला तर कातडी रस अडवून धरते. दोन्ही बाजूंना आडव्या चिरा द्या, त्याही काट्यापर्यंत. डोकं बांधताना तार मांसातून ओवू नका, डोळ्याच्या खोबणीतून घालून जबड्यातून काढा. हाड धरलं की चिंबोरीने कितीही ओढलं तरी सुटत नाही. आणि आमिष मधोमध, तळाशी हवं. पिंजऱ्याच्या कडेला बांधलं तर चिंबोरी बाहेरूनच नांगी घालून खाते आणि आत शिरायचे कष्टच घेत नाही.

उरलेलं आमिष न बघता फेकून देणं

ही चूक मला सर्वांत मोठी वाटते, कारण बिघाड कुठे आहे ते उरलेलं आमिषच सांगतं. प्रत्येक वेळी जाळं उचललं की ते हातात घेऊन बघा.

मांस पांढरंफटक, धुतल्यासारखं, पण खाल्लेलं नाही? रस संपला, आमिष बदलायला उशीर झाला. काटे स्वच्छ, कडेला सुईने टोचल्यासारखे बारीक चावे? लहान मासे खाऊन गेले. आमिष जाळीच्या पिशवीत घाला किंवा कोंबडी वापरा. मोठे लचके तुटलेत, हाड चेचलंय आणि फग रिकामा? चिंबोरी येऊन गेली. आमिष चांगलं आहे, उचलणं सुधारा: वेळ कमी करा आणि दोरी सुरुवातीपासून एका दमात ओढा, कारण मध्ये थांबलात की ती कडेवरून उतरते. आमिषावर बारीक शंख लगडलेत? ते फार वेळ एकाच जागी पडून होतं.

आणि आमिष लावलं होतं तसंच, ताजं, न शिवलेलं परत आलं, तर आमिष बदलण्याआधी जागा आणि वेळ बदला.

पाण्याची वेळ न पाहणं

वास पसरायला पाणी वाहतं हवं. पूर्ण भरतीला किंवा पूर्ण ओहोटीला पाणी थबकतं तेव्हा कितीही चांगलं आमिष मुकं होतं. याउलट उधाणाला अरुंद खाडीत ओढ इतकी असते की वास विरून जातो आणि फगही जागेवर राहत नाही. भरती लागतानाचा आणि सुकती (ओहोटी) सुरू होतानाचा काळ चांगला. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत, ओढ मवाळ असते. नवख्यांनी तेव्हाच सुरुवात करावी. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायचा जुना हिशोब अजून कामाचा आहे: अष्टमीला साधारण सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. काळी चिंबोरी दिवसा बहुधा चिखलात दडून असते, म्हणून संध्याकाळची भरती मिळाली तर ती सोडू नका.

सगळं जमूनही ती आमिषाला तोंड लावत नसेल, तर ती कात टाकण्याच्या बेतात असू शकते. कात टाकण्याआधी आणि कवच घट्ट होईपर्यंत ती खात नाही. अशा वेळी आमिषावर पैसे घालवू नका, काही दिवसांनी या.

सांडपाणी येतं तिथे, उदाहरणार्थ मिठीच्या मुखाशी, माहीमच्या खाडीत, खाण्यासाठी चिंबोरी पकडूच नका. आणि पोटाखाली नारिंगी अंड्यांचा गुच्छ घेऊन आलेली मादी तुमच्या सर्वांत चांगल्या आमिषाला आली असली, तरी तिला तिथेच, हळूच, पाण्यात परत सोडा.