सदाफुलीत व्हिंक्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध "सापडलं"? थांबा, आधी या चुका टाळा

मूळची मादागास्करची सदाफुली आपल्या अंगणात फुकट मिळते म्हणून प्रोजेक्टला सगळे तीच घेतात, घ्या की, पण दरवर्षी चूक तीच. मागे एक मुलगी टीएलसी प्लेट (अर्कातले घटक वेगवेगळ्या उंचीवर ठिपक्यांत सुटे करणारी पट्टी) घेऊन धावत आली. पाच ग्रॅम वाळलेल्या पानांचा अर्क, ड्रॅगेनडॉर्फ हे रंग देणारं रसायन फवारल्यावर नारिंगी ठिपका, आणि रिपोर्टचं शीर्षक टाईप करून तयार, व्हिंक्रिस्टिन सापडलं! अगं, ड्रॅगेनडॉर्फ बहुतेक सगळ्याच अल्कलॉइडना (वनस्पतींतली नायट्रोजन असलेली रसायनं, व्हिंक्रिस्टिन त्यातलंच एक) नारिंगी रंग देतो आणि सदाफुलीत ते शंभराच्या वर आहेत. एक ग्रॅम व्हिंक्रिस्टिनला साधारण दोन टन वाळलेली पानं लागतात, त्या हिशोबाने पाच ग्रॅमला अडीच मायक्रोग्रॅम, त्यातलाही प्लेटवर एक थेंब, दिसणार कुठून? शेजारी स्टँडर्ड, म्हणजे शुद्ध व्हिंक्रिस्टिन, लावून प्लेट परत चालवली तर ठिपका भलत्याच उंचीवर. दोन आठवडे वाया गेले पोरीचे, वाईट वाटलं मला. तेव्हापासून मी तीन लेन लावायला लावते: अर्क, स्टँडर्ड आणि दोन्ही एकावर एक. तिसऱ्या लेनमध्ये दोन ठिपके सुटे दिसले की विषय संपला. एकच दिसला तरी लगेच नाचू नका, मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणूचं वजन मोजून ओळख पटवणारी चाचणी, करा.

आणि साखरेसाठी ही पानं चावणाऱ्यांनो, कृपा करून थांबवा हे. १९५०च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर यांनी जमैकातून आलेली, मधुमेहावर वापरली जाणारी ही पानं तपासली, उंदरांची साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या. त्यातूनच व्हिनब्लास्टिन मिळालं, कॅन्सरचं औषध आहे ते, चहात टाकायची गोष्ट नाही.

आर्टेमिसिया आफ्रा आणि अ‍ॅनुआ या दोन वनस्पती एकच समजू नका. आर्टेमिसिनिन हे मलेरियाचं औषध चीनच्या अ‍ॅनुआत असतं, आफ्रिकेच्या आफ्रात जवळपास नाहीच.

पानं उन्हात वाळवू नका. मी सावलीत पसरते, रोज वजन करते, सलग दोन दिवस आकडा तोच आला तरच दळते. घाई असेल त्यांनी दुसरा विषय घ्यावा.

पॉलिफेनॉल (वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट रसायनं) मोजायच्या फोलिन चाचणीचा निळा रंग म्हणजे सगळं पॉलिफेनॉल नव्हे, व्हिटॅमिन सीसुद्धा तो रंग देतं.

डेव्हिल्स क्लॉ या आफ्रिकन औषधी वनस्पतीची नुसती "मुळं" मागवू नका. आफ्रिकेच्या कलाहारी वाळवंटात मधलं मुख्य मूळ जमिनीत ठेवून बाजूचे कंद काढतात, हार्पागोसाइड या तिच्या मुख्य औषधी घटकासाठी तेच हवेत, आणि मुख्य मूळ राहिलं तर झाड परत फुटतं. ऑर्डरमध्ये "कंद" असं स्पष्ट लिहा, पावडर नको, कापलेले काप मागवा, म्हणजे आलंय काय ते डोळ्यांनी बघता येतं.