विद्यापीठाचं संशोधन गावात पोचवताना या चुका टाळा

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातली बातमी आपल्याकडे कुणी नुसती वाचून ठेवत नाही. तिच्या भरवशावर बियाण्याची पिशवी घेतली जाते, फवारणीचा पंप खांद्यावर चढतो. नव्या विज्ञान पत्रकारानं हे आधी मनात धरावं.

सगळ्यात महागात पडणारी चूक हेक्टर-एकराची. शोधनिबंधात उत्पादन हेक्टरी असतं, शेतकऱ्याचा हिशेब एकरी. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. पहिल्याच वर्षी हेक्टरी 20 क्विंटल कापूस मी एकरी म्हणून छापला. खरा आकडा एकरी 8 होता. एका शेतकऱ्याचा फोन आला, "भाऊ, बियाणं कोणतं हाय ते सांगा ना." त्याचं तीन एकर कोरडवाहू होतं. त्या रात्री झोप लागली नाही. आता प्रत्येक आकडा मी एककासकट वहीत लिहितो आणि संशोधकाला फोनवर वाचून दाखवतो.

दुसरी चूक अट गाळण्याची. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी कधी करायची, याचा कामगंध सापळ्याचा (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणाऱ्या सापळ्याचा) निकष आहे: एका सापळ्यात एका रात्री 8 पतंग, तेही सलग 3 रात्री. मथळ्यात जागा नाही म्हणून "सलग 3 रात्री" उडवलं, की पहिल्याच सकाळी फवारणी सुरू होते. पैसा जातो, विषाशी गाठ पडते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, हे विसरून चालणार नाही. मथळा लांबला तरी चालेल, अट राहू द्या.

"लक्षणीय वाढ" या शब्दानंही फसगत होते. संख्याशास्त्रात लक्षणीय म्हणजे तो फरक निव्वळ योगायोगानं पडण्याची शक्यता कमी. वाढ मोठीच असेल असं नाही. म्हणून वाढ किती, ते विचारा. प्रयोग ओलिताच्या भारी जमिनीत झाला की हलक्या कोरडवाहूत, किती हंगाम चालला, तुलना कोणत्या वाणाशी, हेही विचाराच.

"रामबाण" शब्द तर नकोच. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार करणारं वाण, आपल्याकडे 2002 मध्ये आला तो बोंडअळीसाठी. तुडतुडे, मावा त्यानं मरत नाहीत. पुढे गुलाबी बोंडअळीही त्याला दाद देईनाशी झाली.

आणि चूक झालीच, तर दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात छापा. बियाण्याची बातमी असेल तर मृगाच्या आधी.