रास्पबेरी सुटी-सुटी गोठवायची तर

रास्पबेरी पिशवीत भरून थेट फ्रीझरमध्ये टाकली की तिचा एकच गोळा होतो. मूठभर हवी असली तरी सुरीने फोडत बसा. खरी गोम पाण्यात आहे. हे फळ आतून पोकळ. तोडताना गाभा झाडालाच राहतो, फळात खळगी उरते आणि धुतल्यावर पाणी नेमकं तिथेच साचतं. आता मी फळं नळाखाली धरत नाही. चाळणीत घेऊन थंड पाण्यात एकदा बुडवून काढते आणि सुती कापडावर खळगी खाली करून पालथी घालते. पुरती कोरडी झाली की ताटात बटर पेपर घालून एकेक सुटी मांडायची, एकीला दुसरी टेकू न देता, आणि ताट रात्रभर उणे १८ अंशांवर. सकाळी ताट हलवलं की खडखड वाजतात! लगेच पिशवीत भरून हवा दाबून काढायची, नाहीतर वर बर्फ धरतो. वर्षभरात संपवलेल्या बऱ्या.

वितळल्यावर मात्र ताज्यासारखा घट्टपणा विसरा. गोठताना पेशी फुटतात, रस सुटतो. म्हणून केकच्या मिश्रणात गोठलेल्याच घालते, जॅमलाही त्याच. नुसत्या खायच्या तर अर्धवट गार असतानाच.